रावलापाणीला एकदा जाऊन या

पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटजवळ राहणाऱ्याला सुरत लाइनच्या गाड्या पाठ असतात. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा सारे जळगाव पिंप्राळ्यात येते. एरवी मात्र पिंप्राळ्याची माणसेच कामधंद्याला, लग्नकार्याला, दवाखान्याला या लाइनने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, सुरत करीत असतात. मीही पुष्कळदा गेले आहे. पण नंदुरबारच्या पुढे, तापी ओलांडून सातपुड्यात शिरायचे कारण कधी पडले नव्हते. या फाल्गुनात ठरवून निघाले ते रावलापाणीसाठी.

रावलापाणी हे तळोदा तालुक्यातले डोंगरातले ठिकाण. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, २ मार्च १९४३ रोजी, इंग्रज सरकारच्या बंदुकांनी तिथे निःशस्त्र आदिवासींना गोळ्या घातल्या. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला नंदुरबारचा शिरीषकुमार माहीत असे, आणि तो माहीत असायलाच हवा. पण जळगावात आज दहा जणांना रावलापाणीचे नाव विचारा, नऊ जण म्हणतील, "हे कुठे आलं?" हे आपल्याच खानदेशात आले, एका दिवसाच्या वाटेवर आले, म्हणून हा लेख.

गाडीत समोर बसलेल्या बाईंनी पिशवी मांडीवर घेत जागा करून दिली आणि विचारले, "कथा चालनी ताई?" तळोद्याला म्हटल्यावर "तठे कोन शे तुमनं?" असा पुढचा प्रश्न आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तळोद्याला नोकरी करते, तिच्याकडे जाते, एवढेच सांगितले. ते खरेही होते. सोबतीला तीच येणार होती.

पाळधी गेले की धरणगाव येते. गाडी इथे फार वेळ थांबत नाही, पण या प्रवासात धरणगाव नुसते बघून पुढे जाणे मला जमले नाही. १८२५ साली जेम्स आऊटरम याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली आणि तिचे ठाणे धरणगावला ठेवले. भिल्लांना काबूत ठेवायला भिल्लांचीच पलटण, असा तो बेत होता, आणि इंग्रजांच्या दृष्टीने तो बराच यशस्वी झाला. पण १८५७ च्या शेवटी सेंधवा घाटाचा राखणदार खाज्या नाईक उठला. आग्रा रस्त्याने मुंबईकडे जाणारा सरकारी खजिना त्याने घाटात लुटला. त्याच्या जोडीला भीमा नाईक होता. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली. ते ठिकाण आज मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात मोडते. लढाईत माणसे पडली ती पडलीच, पण लढाई संपल्यावर पकडलेल्या पन्नासहून अधिक लोकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या, आणि चारशेवर बायकांना धरून नेण्यात आले. धरणगावात आता खाज्या नाईकांचे स्मारक उभे आहे. ज्या गावात त्यांना दडपणाऱ्या पलटणीचे ठाणे होते त्याच गावात ते उभे राहिले, याचे मला समाधान वाटते.

आंबापाणीचा विषय इथे काढण्याचे कारण आहे. 'चले जाव' आंदोलन पेटल्यावर, ऑगस्ट १९४२ संपता संपता, व्हाइसरॉय लिनलिथगो याने चर्चिलला कळवले होते की १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे. सत्तावनची आठवण फक्त आपण काढत होतो असे नाही. दिल्लीतले राज्यकर्तेही तीच काढत होते, आणि त्या आठवणीतून बंदुका कशा चालतात हे सातपुड्याला आधीपासून ठाऊक होते.

अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा. शिंदखेड्याजवळच्या चिमठाण्याला १४ एप्रिल १९४४ रोजी डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी खजिना लुटला होता. साडेपाच लाख रुपये साताऱ्याच्या भूमिगत प्रतिसरकारच्या कामी लागले. एका साध्या पॅसेंजर गाडीच्या खिडकीतून एवढे सगळे दिसते. दोंडाईचा आले की डब्यात मिरचीचा खाट यायला लागतो, आणि तिथून नंदुरबारपर्यंत तो सुटत नाही.

नंदुरबारला उतरले तेव्हा मिरचीचा हंगाम उतरणीला लागला होता, तरी गावाबाहेरच्या पथाऱ्या अजून लाल होत्या. पथारी म्हणजे मिरची वाळवायचे मोकळे मैदान. जमिनीवर चटई अंथरावी तशी मिरची पसरलेली, आणि तिच्या कडेला ओळीने बसलेल्या बायका देठ खुडत असलेल्या. नाकातोंडावर ओढणी किंवा लुगड्याचा पदर घट्ट बांधलेला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मिरचीच्या टोकाला डावा अंगठा, देठाला उजव्या हाताची दोन बोटे, एक हलका झटका, देठ एका बाजूला आणि मिरची दुसऱ्या बाजूला. बोलणे चालू, हात चालू. यांतल्या पुष्कळ जणी तापीपलीकडच्या, डोंगरातल्या पाड्यांवरून हंगामापुरत्या उतरलेल्या. ज्या गावांकडे मी निघाले होते तिथूनच त्या आल्या होत्या. खानदेशचे तिखट देशभर जाते, त्यामागे हे हात आहेत.

माणिक चौक बाजाराच्या मध्यावर आहे. भोवती दुकाने, दुचाकींची गर्दी, आणि त्यात हुतात्म्यांचे स्मारक. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मुलांची मिरवणूक निघाली होती. हातात तिरंगा, तोंडात घोषणा. पोलिसांनी अडवले, लाठी चालली, मग बंदुका रोखल्या गेल्या. मिरवणुकीत मुलीही होत्या. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता पुढे झाला, मारायचे तर मला मार म्हणाला, आणि छातीवर गोळ्या झेलून पडला, हे नंदुरबारात आजही प्रत्येक जण सांगतो. २८ डिसेंबर १९२६ चा त्याचा जन्म, म्हणजे वय पुरते सोळाही नव्हते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. पाच मुले, गुजराती आणि मराठी घरांतली, एकाच बाजारपेठेत वाढलेली.

मी तिथे उभी होते तेव्हा शाळा सुटली होती. पाठीवर दप्तर लावलेली दोन मुले स्मारकाच्या कठड्याशी उभी राहून कुल्फी खात होती. मी विचारले, "हे कोणाचं आहे रे?" मोठ्याने एका दमात पाचही नावे सांगितली. लहानाने वर जोडले, "नऊ सप्टेंबरला आमची शाळा येते इथं." मला फार बरे वाटले. नावे मुलांच्या तोंडी असणे हे दगडी खांबापेक्षा मोठे स्मारक आहे, आणि नंदुरबारने ते जपले आहे.

त्याच वर्षातली आणखी एक तारीख मी माझ्या वहीत लिहून नेली होती. १० जून १९४२ रोजी नाझी फौजेने चेकोस्लोव्हाकियातले लिदित्से हे खेडे पुसून टाकले. हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून गावातले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले, बायका छळछावणीत पाठवल्या, बहुतेक मुले मारली, घरे सुरुंगाने उडवली. ही बातमी जगभर गेली. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या खाणकामगारांनी आणि त्यांच्या नगरसेवक डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनी 'लिदित्से जगेल' ही मोहीम उघडली. पैसे जमवले. युद्धानंतर ते गाव पुन्हा वसले. ती मोहीम सुरू झाली ६ सप्टेंबर १९४२ ला. नंदुरबारच्या चौकात गोळ्या झाडल्या त्या त्यानंतर तीन दिवसांनी.

त्या खाणकामगारांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या खेड्यासाठी त्यांनी आपल्या मजुरीतून पैसे काढले. पण त्यांच्याच सरकारचा हुकूम चालणाऱ्या देशात त्याच आठवड्यात शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या जात होत्या, आणि सहा महिन्यांनी सातपुड्याच्या ओढ्यात काय घडले ते स्टोकला कोणी कळवले नाही. युद्धात नाझी विरुद्ध दोस्त एवढ्या दोनच रांगा आपल्याला शिकवल्या जातात. आपली माणसे त्या रांगांच्या बाहेर मेली.

नंदुरबारहून तळोद्याची एसटी हातोडा पुलावरून जाते. हा पूल होण्याआधी प्रकाशामार्गे वळसा पडे. पुलावरून तापीचे पात्र दिसते तेव्हा आमच्या जळगावकडची उन्हाळ्यातली तापी आठवून नवल वाटते. इथे उकाई धरणाचा फुगवटा पोचतो, म्हणून फाल्गुनातही पाणी पसरलेले असते. पूल ओलांडला की समोर सातपुडा उभा राहतो. पळस फुललेला होता, आणि शेतांच्या बांधांवरच्या मोहांची पाने झडून गेली होती. मोहाची फुले पडायला लागली की पहाटे सगळे घर टोपल्या घेऊन झाडाखाली असते. होळी जवळ आली होती, आणि डोंगरात होळी म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. स्टँडवर ढोलाला चामडे चढवून घेऊन निघालेले तरुण दिसले.

माझी विद्यार्थिनी स्टँडवर वाट पाहत होती. "बाई, आधी मोरवड, मग रावलापाणी," तिने परस्पर ठरवून टाकले होते. ती इथलीच, घरात भिल्ली बोलणारी. जळगावला शिकायला असताना माझ्या वर्गात ती मागच्या बाकावर बसून फारसे न बोलणारी मुलगी होती. इथे मात्र वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी तिची ओळख, आणि मी तिच्या मागे.

मोरवडला आधी जाण्यात तिचे बरोबरच होते. रावलापाणीची सुरुवात मोरवडला आहे. १९३० नंतरच्या दशकात इथे गुला महाराज नावाचा एक भिल्ल शेतमजूर लोकांना सांगू लागला की दारू सोडा, रोज अंघोळ करा, भांडणतंटा करू नका, आणि एकमेकांना आप म्हणून हाक मारा. साहेब, सावकार, पाटील, जंगलखात्याचा नाकेदार यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या 'अरे-तुरे' ऐकलेली माणसे आरतीला बसू लागली आणि एकमेकांना मानाने बोलावू लागली. 'आप की जय' हा त्यांचा गजर. सोमवारची आरती हे त्यांचे जमण्याचे निमित्त. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे मोरवडला येऊ लागली. यात कुठे बंदूक नव्हती, तीरकामठा नव्हता, सरकार उलथण्याची भाषा नव्हती.

मग सरकारला खुपले काय? याचे उत्तर दारूच्या हिशेबात आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळायला बंदी आली आणि ठेक्याच्या दुकानातून विकत घेणे भाग पडले. सरकारला महसूल, ठेकेदाराला नफा, सावकाराला कर्जदार. आदिवासी दारूत बुडालेला असण्यात तिघांचाही फायदा होता. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ पसरली तेव्हा दारूची दुकाने ओस पडली होती आणि तेव्हाही ठेकेदार असेच हादरले होते. गुला महाराजांच्या शब्दाने तीच गोष्ट पुन्हा घडली. शिवाय वेगळेच काही घडत होते. हाक मारताच हजर होणारा मजूर आरतीच्या दिवशी कामावर येईना. मान खाली घालून बोलणारा मान वर करून बोलू लागला. मालक वर्गाने तक्रारी केल्या आणि सरकारने त्या ऐकल्या.

१९३८ साली गुला महाराज वारले. काम थांबेल असे ज्यांना वाटले त्यांची निराशा झाली, कारण त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ दारूबंदीच्या बाजूचे होते, ते १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा देऊन बाहेर पडले आणि गव्हर्नरचा थेट कारभार सुरू झाला. भारत संरक्षण कायद्याच्या जोरावर कोणताही जमाव आता संशयित होता. रामदास महाराजांवर हद्दपारीचा हुकूम बजावला गेला. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर तर जिल्ह्यातला प्रत्येक अधिकारी बंदुकीचा चाप हाताशी ठेवूनच फिरत होता. अशा हवेत हजारो आदिवासी एका गजरात एकत्र येतात, आणि आपल्याला विचारत नाहीत, हे त्या राज्याला सोसले नाही.

मोरवडला एका घरी आम्ही बसलो. अंगण शेणाने सारवलेले, ओसरीत देवघर. घरातले बाबा सत्तरी ओलांडलेले. डोक्याला पांढरे फडके, गळ्यात माळ. त्यांनी पाणी दिले, गुळाचा चहा दिला, आणि मला "आप बसा" म्हणाले. त्यांचे वडील आरतीला जाणारे, तेही जाणारे. "आमच्या घरात तीन पिढ्या दारू नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण पाठ ताठ झाली. मी गोळीबाराचे विचारले. थोडा वेळ ते भिल्लीत माझ्या विद्यार्थिनीशी बोलले, मग मराठीत माझ्याकडे वळले. "आमच्याकडं आरतीचं ताट होतं, त्यांच्याकडं बंदूक होती. अजून काय सांगू बाई? जाऊन दगड बघा."

तिथून पुढे जीप. डांबरी रस्ता, मग खडीचा, मग चढ. दोन्ही बाजूंना साग, अंजन, मधून बांबू. वाटेत एक बाई डोक्यावर मोळी, हातात कोयता आणि पाठीवर झोळीत मूल घेऊन खाली येत होती. जीप बघून ती कडेला झाली. ड्रायव्हरने थांबून तिच्या घरचे क्षेमकुशल विचारले तेव्हा कळले की दोघांचे आजोळ एक.

रामदास महाराज आणि त्यांचे अनुयायी रावलापाणीला, डोंगरातल्या या जागी होते. २ मार्च १९४३ ला सरकारच्या सशस्त्र तुकडीने त्यांना इथे गाठले आणि गोळीबार केला. ओढ्याच्या खोलगट पात्रात माणसे सापडली. पंधरा जण ठार झाले, अठ्ठावीस जखमी झाले, असा आकडा या भागात सांगितला जातो. इथे येऊन जागा पाहिली म्हणजे त्या सकाळी काय झाले असेल ते कोणी समजावून द्यावे लागत नाही. दोन्ही बाजूंना चढ. वर उभा असलेल्याला खालचे सगळे दिसते, खालच्याला पळायला वाट नाही. जालियनवाला बागेतही बाहेर पडायची वाट अडवलेली होती.

ओढा फाल्गुनात जवळजवळ कोरडा होता. मधूनमधून डबकी, त्यांत वाळकी पाने. पात्रात मोठमोठे काळे दगड पडलेले, पावसाळ्यातल्या पाण्याने गुळगुळीत झालेले. विद्यार्थिनी पुढे झाली आणि एका दगडापाशी उकिडवी बसली. "बाई, हे बघा." दगडावर खळगे होते. मी करंगळी लावली. कड अजून खरखरीत होती, आतला भाग किंचित उतरता, जणू वरून कोणी तिरका घाव घातला आहे. भोवतालचा सगळा दगड पाण्याने घासून मऊ केलेला, आणि तेवढ्याच जागी तो फुटलेला. शेजारच्या दगडावर आणखी एक. मग एकदा डोळ्यांना सवय झाल्यावर ते दिसतच राहिले. इतक्या पावसाळ्यांचे पाणी त्यांच्यावरून गेले आहे.

ज्या गोळ्या दगडाला लागल्या त्यांची ही खूण. ज्या माणसांना लागल्या, त्या माणसांची खूण त्यांच्या घरच्यांनी आणि त्यांच्या पंथाने जपली. स्मारक आहे, ते साधे आहे, आणि मला ते तसेच असावे असे वाटते. दर वर्षी २ मार्चला इथे माणसे जमतात, फुले वाहतात, गजर करतात. मी गेले त्या दिवशी आम्ही दोघी, ड्रायव्हर आणि बकऱ्या घेऊन आलेली दोन मुले, एवढेच होतो. माझ्या विद्यार्थिनीने पिशवीतून अगरबत्ती काढली आणि दगडापाशी लावली. मग तिने हात जोडून भिल्लीत काहीतरी म्हटले. मी विचारले नाही.

परतीच्या वाटेवर मी तिला मानगडचे सांगितले. राजस्थान-गुजरातच्या सीमेवर मानगडच्या टेकडीवर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर असाच गोळीबार झाला. गोविंद गुरूंचेही सांगणे तेच होते : दारू सोडा, स्वच्छ राहा, वेठबिगार नाकारा. साबरकांठ्यात पाल-चितरिया इथे ७ मार्च १९२२ रोजी मोतीलाल तेजावतांच्या मागे जमलेल्या भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्हीकडे मेलेल्यांचा आकडा लोक शेकड्यांनी, हजारांनी सांगतात. तिथेही माणसे जमली होती ती आपले जगणे सुधारायला. तीस वर्षांत एकाच भिल्ल पट्ट्यात तीन वेळा हे घडले, म्हणून याला एखाद्या अधिकाऱ्याच्या डोक्यात शिरलेल्या रागाचा प्रकार म्हणता येत नाही. दारू न पिणारा, कर्ज न काढणारा, मान वर करून बोलणारा आदिवासी त्या राज्याला शत्रू वाटत होता, हे मी आता ठामपणे म्हणेन. हत्यार घेतलेल्या खाज्या नाईकाला जी शिक्षा, तीच आरतीचे ताट घेतलेल्या आपच्या अनुयायाला.

मानगडला आज सरकार, पुढारी, यात्रेकरू सगळे पोचले आहेत. पंतप्रधान तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाऊन आले. जालियनवाला बाग देशभरच्या शाळांच्या सहलीत आहे. खानदेशातल्या आपल्या गावांना, शाळांना मात्र रावलापाणी आपले वाटायला हवे, तेवढे अजून वाटत नाही. याचे एक कारण मला दिसते. आपला स्वातंत्र्याचा इतिहास तिरंगा, सभा, तुरुंग आणि खजिना यांच्याभोवती लिहिला गेला. ज्यांच्या हातात झेंडा नव्हता त्यांना कोणत्या प्रकरणात घालावे हे लिहिणाऱ्यांना कळले नाही. ते धर्माच्या प्रकरणात बसेनात, राजकारणाच्याही बसेनात, म्हणून राहून गेले. शिरीषकुमार बाजारपेठेत पडला, तिथे साक्षीदार होते, शाळा होती, वर्तमानपत्र पोचत होते. रावलापाणीचे साक्षीदार अक्षर न शिकलेले होते, आणि त्यांची भाषा लिहून घेणारे कोणी जवळ नव्हते.

माणिक चौकातल्या त्या मुलाने पाच नावे एका दमात सांगितली. रावलापाणीला पडलेली माणसेही नंदुरबार, धुळे, जळगावच्या मुलांना तशी तोंडपाठ हवीत. ते एका परिपत्रकाने होणार नाही, शिक्षकांना ते हाती घ्यावे लागेल. मोरवडच्या घरांत ज्यांनी हे वडिलांच्या तोंडून ऐकले ते आता सत्तरीपुढे आहेत. त्यांच्याकडून भिल्लीत ऐकून, भिल्लीतच लिहून, मग मराठीत आणायला हवे, आणि हे काम त्या पाड्यांवरून शिकलेल्या मुलामुलींइतके चांगले कोणी करणार नाही. माझ्या विद्यार्थिनीने सुरुवात केली आहे. संध्याकाळी तिच्या घरी तिने दोन वह्या दाखवल्या, दोन्ही भरलेल्या. मला तिचा अभिमान वाटतो.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : जळगावहून सुरत लाइनने नंदुरबार, तिथून एसटीने तळोदा, पुढे स्वतःची गाडी किंवा भाड्याची जीप. सकाळी लवकर निघा, पाणी जवळ ठेवा, पावसाळ्यात डोंगराची वाट धरू नका. आधी मोरवडला थांबा. नंदुरबारला माणिक चौकात जाऊनच पुढे जा, दोन्ही जागा एकाच युद्धाच्या काळातल्या आहेत. दारू पिऊन किंवा बरोबर घेऊन तिथे जाऊ नका, दारू सोडली म्हणूनच ती माणसे मेली. शिक्षक असाल तर नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जा आणि दगडांवरच्या खुणा त्यांना हाताने पाहू द्या. २ मार्च ही तारीख शाळेच्या वार्षिक नियोजनात आजच लिहून ठेवा.